बोटीवरून आणलेली अंबराची माळ

घटना सांगण्याआधी एका बाईचे उपकार सांगतो. पोलीस माणसानं केसमधली नावं लिहू नयेत, म्हणून नाव लिहीत नाही. अमरावतीत ती बाळ-बाळंतिणीला अंघोळ घालायला घरोघरी जाते. सगळे तिला मावशी म्हणतात. मीही तेच म्हणतो.

मी सध्या लेकीकडे आहे, परदेशात, उत्तरेकडच्या थंड समुद्राच्या काठावरच्या एका बंदराच्या गावात. लेकीला पहिली मुलगी झाली. बाळंतपणाला यायची ती माझी बायको, पण ती दोन वर्षांपूर्वी गेली. म्हणून मी आलो. तेल्हारा तालुक्यातल्या खेड्यातला, नववीत शाळा सोडलेला, रिटायर्ड सहायक फौजदार. इथली भाषा कळत नाही. बसमध्ये बसलो की उतरायचं ठिकाण निघून जाईल या धास्तीनं दोन थांबे आधीच दाराशी जाऊन उभा राहतो. अशा माणसाच्या हातात पंधरा-वीस दिवसांचं पोर दिलं तर त्याचं काय होईल? लेकीला ताप होता, जावई कामावर गेलेला, आणि बाळ रडून रडून लाल झालं होतं. शेवटी मी अमरावतीच्या एका मॅडमना फोन लावला. त्यांनी मावशीचा नंबर दिला. मी तिला तोंड दिसतं तो फोन केला.

मावशीनं मला ओळखलं. फोन जवळ धरून माझे हात पाहिले. मग म्हणाली, "साहेब, आधी हातातली अंगठी काढा. पोरीले बोचन."

पुढचे बारा दिवस रोज ती तिकडून सांगायची आणि मी इकडे करायचो. "पाय लांब करून बसा. आता पालथी टाका पायावर. अवं बाप्पा, भिऊन काय राहिले? ते का बॉम्ब हाय?" माझे हात कापायचे. ती म्हणायची, "कापू द्या. कापणारे हात सोडत नाहीत." माझी नात आज अंघोळ झाली की दोन-दोन तास झोपते, ते त्या बाईमुळं.

याच बाईला मी एकदा सकाळी दहापासून संध्याकाळी पाचपर्यंत पोलीस ठाण्याच्या बाकावर बसवून ठेवलं होतं. चोर म्हणून. ती घटना विसरलो असतो तर मला बरं झालं असतं. पण नाही विसरलो. इथल्या बंदरात मोठाल्या बोटी लागतात, माणसं उतरतात आणि सरळ अंबराच्या दुकानांत शिरतात. खिडकीत ते मधाच्या रंगाचे मणी दिसले की मी रस्ता ओलांडून पलीकडे जातो.

तेव्हा माझ्या निवृत्तीला दीडेक वर्ष राहिलं होतं. सकाळची हजेरी आटोपली होती, आणि ठाणे अंमलदाराच्या टेबलासमोर साठीच्या एक मॅडम, ज्यांना मी इथून फोन लावला त्याच, अर्ज घेऊन उभ्या होत्या. मुलींच्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. ठाणेदार साहेबांनी अर्ज माझ्याकडे दिला.

"अंबराची माळ गेली आहे," मॅडम म्हणाल्या.

मी लिहायला सुरुवात केली आणि थांबलो. "अंबर म्हणजे? सोनं?"

"नाही. झाडाचा चीक असतो. लाखो वर्षं जमिनीत, समुद्रात राहून दगडासारखा होतो."

बाजूला बसलेला आमचा हवालदार तोंडात सुपारी धरून म्हणाला, "म्हणजे डिंक चोरीले गेला? चाला मॅडम, बडनेऱ्याच्या रस्त्याले बाभळी हायत. पोतंभर काढून देतो."

मॅडमनी त्याच्याकडे वर्गात बघावं तसं बघितलं. तो उठून पाणी प्यायला गेला.

त्यांनी सगळं सांगितलं. निवृत्तीनंतर चौघी मैत्रिणी मिळून क्रूझला गेल्या होत्या, आठवडाभर बोटीवर. एका बंदरात उतरल्या तर अख्खी गल्ली अंबराच्या दुकानांची. एका म्हाताऱ्या दुकानदारिणीनं अस्सल आहे हे पटवायला मिठाच्या पाण्यात मणी टाकून दाखवला, तो तरंगला. बाहीवर घासला, तर कागदाचे कपटे उडून त्याला चिकटले. मैत्रिणींनी गुळगुळीत, चकचकीत माळा घेतल्या. यांनी मात्र ओबडधोबड मण्यांची घेतली, समुद्रानं जशी बाहेर टाकली तशीच. "माझ्या मैत्रिणी दिवसभर चिडवत होत्या मला. म्हणे, सात समुद्र ओलांडून बाईनं खडीसाखर आणली. पण साहेब, मुलीला आठ वर्षांनी दिवस गेले होते. दुकानदारीण खुणेनं सांगत होती की तिकडे लेकरांच्या गळ्यात घालतात. मी बोटीवर परत येईपर्यंत ती हातात धरून होते. बारशाला नातीच्या गळ्यात घालायची होती."

वस्तू किती किमतीची हे मी विचारलं. त्यांनी सांगितलं आणि म्हणाल्या, "ते लिहा, पण त्यासाठी नाही आले मी."

मी घरी जाऊन जबाब घेतले. घरात चौघी होत्या: मॅडम, बाळंतपणाला आलेली त्यांची मुलगी, तान्ही नात आणि मॅडमच्या सासूबाई. सासूबाई नव्वदीच्या आसपास, वरूडकडच्या, दोन्ही डोळ्यांनी फार कमी दिसणाऱ्या. त्यांना सगळे आजी म्हणत. मुलीनं जबाबात सांगितलं की गळ्यात घालून बघताना माळेचा दोरा तुटला, म्हणून तिनं मणी रुमालात बांधून बाळाच्या टोपलीत, तेलाच्या बाटलीशेजारी ठेवले. आठवड्यानं पाहिलं तर रुमाल नुसताच.

त्या टोपलीला हात कोण लावतं? मुलगी, मॅडम, आजी आणि अंघोळीला येणारी मावशी. मी मनातल्या मनात घरच्या तिघींवर काट मारली. उरली एक. पस्तीस वर्षं नोकरी केलेल्या माणसानं एवढंच गणित केलं, आणि मला ते बरोबर वाटलं.

चौथ्या दिवशी खबर आली. अकोल्यात सराफ लाइनीत माझा एक जुना ओळखीचा माणूस चहाची गाडी लावतो. त्याचा फोन आला. "साहेब, तुमी पिवळ्या मण्याचं इचारलं होतं ना? अमरावतीची एक बाई, इथं बहिणीकडं आलेली, सराफाले एक पिवळा मणी दाखवून राहिली होती. सराफ म्हणे, हे काय हाय मले समजत नाही. तं बाई दुसऱ्या दुकानात गेली."

वर्णन जुळलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच दोन पंच आणि आमची एक महिला शिपाई बरोबर घेऊन मी मावशीच्या घरी गेलो. एक खोली, पुढं टिनाची पडवी. गल्लीतल्या बायका नळावर होत्या. सगळ्यांची भांडी तिथंच राहिली आणि सगळ्या बघत उभ्या राहिल्या. मी त्यांना आत जायला सांगू शकलो असतो. नाही सांगितलं. लोकांनी बघितलं की संशयित लवकर बोलतो, असं आम्हाला शिकवलेलं.

महिला शिपाईनं फळीवरची काजळाची रिकामी डबी उघडली. आत कापसात एक मणी होता. पंचनाम्यात मी लिहिलं: "पिवळसर रंगाचा, भोक असलेला खडा, एक बाजू काळसर." ते काळसर मी माझ्या हातानं लिहिलं, आणि त्याचा विचार केला नाही.

ठाण्यात आणून तिला चौकशीला बसवलं.

"हा मणी कुठचा?"

"मॅडमच्या घरचा."

"तू घेतला?"

"मी उचलला."

"बाकीचे कुठं हायत?"

"आता नाहीत."

"विकले?"

"नाही."

"अकोल्याले सराफाकडं काहून गेलती?"

"असेच दुसरे भेटतेत का, पाहाले."

मी टेबलावर हात आपटला. "मले शिकवते का?"

ती दचकली, पण रडली नाही. पदर नीट केला आणि खाली बघत राहिली. मी तासाभरानं पुन्हा विचारलं. तीच उत्तरं, त्याच क्रमानं. चोर माणूस उत्तरं घरून तयार करून आणतो आणि प्रत्येक वेळी त्यात थोडी भर टाकतो. ही काहीच भर टाकत नव्हती. खरं बोलायची आणि अर्ध्यावर थांबायची. एवढ्या वर्षांत मी शेकडो लोकांचे जबाब घेतले होते, तरी हा फरक मला दिसला नाही. कारण मुद्देमालातला एक मणी माझ्यासमोर टेबलावर होता, आणि वस्तू मिळाली की पोलिसाचे कान बंद होतात.

ठाणेदार साहेब आत आले. "बाईला दिवस मावळल्यावर इथं ठेवता येत नाही, माहीत आहे ना? पाचपर्यंत काय ते सांग. नाहीतर मी सरळ गुन्हा दाखल करतो."

गुन्हा दाखल झाला म्हणजे मावशीचं काम संपलं. हे मला समजत होतं. धुण्याभांड्याच्या मोलकरणीनं दागिना उचलला तर तिला दुसरीकडे भांडी मिळतात. पण चोर म्हटलेल्या बाईच्या पायावर कोणी आपलं आठ दिवसांचं लेकरू ठेवत नाही. ते मावशीलाही समजत होतं. तरी ती बोलत नव्हती, आणि त्यामुळं मला आणखी राग येत होता.

दुपारी मी मण्याचं पाकीट सीलबंद करायला घेतलं. महिला शिपाई पलीकडे बसली होती. तिला स्वतःला वर्षभराचा मुलगा होता. मणी पाकिटात टाकण्याआधी तिनं सहज नाकाशी नेला.

"दादा, याले लेकराच्या टोपड्याचा वास येते."

"काय बोलते बाई?"

"तुमी घ्या ना वास."

मी घेतला. काळ्या बाजूनं घेतला. ऊद. नाही, ऊदापेक्षा गोड, पण त्याच घरचा. आमच्याकडे तान्ह्या बाळाला अंघोळ घातली की घमेल्यात निखारे घेऊन त्यावर ऊद, ओवा, लसणाची सालं टाकतात आणि त्या धुरावर बाळाला धरतात. धुरी म्हणतात त्याला. माझ्या आईनं दिली, माझ्या बायकोनं दिली. ऊद म्हणजे काय? झाडाचा चीक. आणि अंबर म्हणजे काय, ते मॅडमनी पहिल्याच दिवशी माझ्या टेबलासमोर उभं राहून सांगितलं होतं.

मी मोटारसायकल काढली.

मॅडम बँकेत गेल्या होत्या, मुलगी आत बाळाला घेऊन झोपलेली. आजी पडवीत पाटावर बसल्या होत्या. मी शेजारी खाली बसलो.

"कोण हाय?"

"पोलिसातला, आजी. त्या दिवशी आलतो."

"सापडला काय तो चोट्टा?"

"पाहून राहिलो. आजी, पोरीले धुरी कोण देते?"

त्यांचा चेहरा एकदम खुलला. "मी देतो ना! दुसऱ्या कोणाले जमते काय? हे आजकालच्या पोरी, निखारे पाहिले का मांगं सरकतेत. मावशी अंघोळ घालून पोरगी माह्यापुढं धरते, मी बोटानं अंदाजानं टाकतो. दिसत नाही तरी चिमूट चुकत नाही माही."

"ऊद कुठून आणता?"

"अवं, या वेळचा ऊद पाहाले पायजे होता तू! टोपलीतच भेटला, रुमालात बांधून. माह्या नातीनंच आणला असन. आता तं दुकानदार भोकं पाडून देतेत, दोऱ्यात ओवाले. पण वास! देवळात बसल्यावानी. संपला आता. एक ठेवला बारशासाठी." कमरेची पिशवी उघडून त्यांनी चाचपडत एक मणी काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला. "हा घरी नेऊ नको, बरं. दाखवून राहिली फक्त."

मी तो मणी परत त्यांच्या पिशवीत टाकला. पस्तीस वर्षांत सापडलेला मुद्देमाल मी एवढ्या एकाच वेळी परत ठेवला.

ठाण्यात येऊन मावशीसमोर बसलो. साडेचार झाले होते. तिनं माझं तोंड पाहिलं आणि तिला कळलं.

"आजीले काही बोलले तं नाही ना तुमी?" हे तिचं पहिलं वाक्य.

"नाही. सांगितलं काहून नाही मावशी?" सकाळपासून मी तिला पहिल्यांदा मावशी म्हटलं.

"कसं सांगू? मले धुराच्या वासानं शंका आलती. दुसऱ्या दिवशी राखेत हा अर्धा भेटला. तवर म्हातारीनं सगळा संपवला होता." तिनं दाराकडं पाहून आवाज खाली आणला. "त्या घरात सगळे चांगले हायत, साहेब. पण म्हातारीले मोठ्या लेकाकडं, अकोल्याले पाठवाचं चालू हाय. निवडाले भाजी देत नाहीत, किडे दिसत नाहीत म्हणून. दार उघडाले उठू देत नाहीत, पडन म्हणून. तिले घरात एक धुरी तेवढी उरली. तिनं माळ जाळली असं कळलं असतं तं दुसऱ्या दिवसापासून तेही बंद. मले काय, दुसरे घरं हायत. म्हणून म्हटलं, असेच मणी भेटले तं गुपचूप टोपलीत टाकून देऊ. अकोल्याले कोणाजवळच नव्हते."

अर्ध्या पृथ्वीपलीकडच्या समुद्रातून निघालेला मणी ती अकोल्याच्या सराफ लाइनीत शोधत फिरली होती.

मॅडमना मी ठाण्यात बोलावलं आणि बाहेर व्हरांड्यात सांगितलं. आधी त्यांना खरंच वाटलं नाही. मग हसू आलं, तोंडावर हात धरला, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "मैत्रिणींना काय सांगू? खडीसाखर जाळली म्हणून?" त्यांनी पदरानं डोळे पुसले. मग म्हणाल्या, "साहेब, आईंना हे कधीच कळता कामा नये. आणि मी मोठ्या दिरांना आज फोन करते. आई कुठंही जाणार नाहीत." त्या आत गेल्या आणि मावशीच्या शेजारी, त्याच बाकावर बसल्या. काय बोलल्या ते मी ऐकलं नाही. ऐकायचं नव्हतं.

त्यांनी लिहून दिलं, वस्तू घरातच होती, तक्रार नाही. ठाणेदार साहेबांनी वाचलं आणि विचारलं, "मग दिवसभर त्या बाईला कशासाठी बसवलं होतं?" मी टेबलावरचे कागद गोळा केले. पाच वाजले. मी मावशीला म्हणालो, "जा आता." बस, एवढंच. पस्तीस वर्षांच्या सवयीनं तोंडातून तेवढंच निघालं.

बारशाला मला बोलावणं होतं. गेलो. मॅडमनी स्वतः घमेल्यात निखारे आणून आजींसमोर ठेवले. आजींनी पिशवीतून तो शेवटचा मणी काढला, कपाळाला लावला आणि निखाऱ्यावर टाकला. खोलीत वास पसरला. मावशीनं बाळाला धुरावरून हलकेच फिरवलं. मॅडम, त्यांची मुलगी आणि मी एकमेकांकडे बघत नव्हतो. आजी म्हणाल्या, "पाहा, कसा गोड वास हाय! माह्या नातवाच्या बारशाले असा ऊद नव्हता भेटला." मॅडम म्हणाल्या, "हो आई, फार लांबून आणलाय."

केस इथं संपली, असं मी पुष्कळ वर्षं लोकांना सांगत आलो. लोक हसायचे, त्यांना आवडायची. पण केस संपत नाही ती अशी. स्टेशन डायरीत सकाळी दहाची नोंद आहे: संशयित महिला चौकशीकामी हजर. संध्याकाळी पाचची नोंद आहे: महिलेला परत पाठवले. मधे कुठंही लिहिलेलं नाही की या बाईनं काहीही केलं नव्हतं. नळावरच्या बायकांनी तिला पोलिसांबरोबर जाताना पाहिलं होतं. परत येताना ती एकटी होती. मावशीची त्या वेळी पाच घरं होती. आठवड्यात त्यातली तीन बंद झाली. मॅडम तिला घेऊन त्या तिन्ही घरी गेल्या, सगळं समजावून सांगितलं. दोन घरांनी ऐकलं. तिसऱ्या घरची बाई म्हणाली, "तुम्ही मोठ्या मनाच्या हो, पण आम्हाला भीती वाटते." त्या दारात मी जायला हवं होतं, वर्दी घालून. मॅडमनी मला विचारलंही होतं. मी म्हणालो, ड्युटी आहे. ड्युटी नव्हती. पोलिसाची चूक झाली असं लोक म्हणतील, याची भीती होती.

नोकरीत मी बऱ्याच गोष्टी शिकलो, बऱ्याचशा उशिरा. शाळा लवकर सुटल्यामुळं मला नेहमी वाटायचं की शिकलेल्या माणसांना माझ्यापेक्षा जास्त दिसतं. या केसमध्ये शिकलेल्या मॅडमना दिसलं नाही, मला दिसलं नाही, आणि ज्यांना नाकानं आणि हातानं कळलं त्या दोघी बायका: एक शिपाई, दुसरी माझ्याच बाकावर बसलेली. चौकशीत कोण गप्प आहे हे बघण्याआधी, तो कोणासाठी गप्प आहे हे बघावं. नव्या पोरांना मी हे सांगत आलो. स्वतःच्या चुकीचा भाग मात्र वगळून सांगत आलो. आज पहिल्यांदा तो लिहिला.

त्या दिवसाबद्दल मावशी माझ्याशी कधीच बोलली नाही. बारा दिवस फोनवर रोज बघत होती, शिकवत होती, ओरडत होती, "अवं साहेब, मान धरा मान!" आणि एकदाही त्या बाकाचं नाव काढलं नाही. मी काढायला गेलो तर म्हणाली, "पाणी थंड होऊन राहिलं, आधी पोरीले पुसा."

लेक आता उठून-फिरून कामाला लागली आहे. दोन महिन्यांनी माझं परतीचं तिकीट आहे. अमरावतीला उतरलो की आधी घरी जाणार नाही. मावशीच्या गल्लीत जाईन, भर सकाळी, नळाला पाणी आलेलं असताना आणि बायका बाहेर असताना. वर्दी आता नाही, पण माणूस तोच आहे, ओळखतील. त्यांच्यासमोर सांगेन की या बाईनं काही घेतलं नव्हतं, चुकलो ते मी होतो. मग तिनं येऊ दिलं तर तिच्याबरोबर त्या तिसऱ्या घराच्या दारापर्यंत चालत जाईन. तिथलं लेकरू आतापर्यंत मोठं झालं असेल, तरीही जाईन. मावशी, तुमचे उपकार एवढ्यानं फिटणार नाहीत. पण फेडायला मी तिथूनच सुरुवात करणार आहे.